गुलेन-बॅरे सिंड्रोम : उपचार पाच दिवसांचे, उभारी महिन्यांची

पायांना मुंग्या येणे, जिना चढताना गुडघ्यांत बळ नसल्यासारखे वाटणे आणि दोन-चार दिवसांत अंथरुणातून उठणेही अशक्य होणे, इतक्या झपाट्याने गुलेन-बॅरे सिंड्रोम अर्थात जीबीएस वाढू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. एरवी वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्यालाच हा आजार होतो. वेळेवर रुग्णालयात पोहोचलेले बहुसंख्य रुग्ण त्यातून बरे होतात. मात्र ही वाटचाल संथ असते, याची कल्पना कुटुंबाला आधीच असणे आवश्यक आहे.

आजाराचे स्वरूप

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच चेतातंतूंवर हल्ला चढविते. बहुतेक रुग्णांना त्याआधी काही दिवस किंवा आठवडे जुलाब वा सर्दी-खोकला होऊन गेलेला असतो. दूषित पाणी आणि अर्धवट शिजलेले चिकन यांतून पोटात जाणारा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू त्याचे सर्वांत परिचित कारण होय. पुण्यातील काही रुग्णांच्या शौचनमुन्यांतही तो आढळला होता. या जिवाणूच्या आवरणातील काही घटक चेतातंतूंवरील घटकांशी मिळतेजुळते असल्याने जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे चेतातंतूंनाही इजा करतात. जीबीएस स्वतः संसर्गजन्य नाही.

जॉर्ज गुलेन, जाँ अलेक्झांडर बॅरे आणि आंद्रे स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये दोन सैनिकांमधील या आजाराचे वर्णन केले. पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात प्रथिने वाढलेली, पण पेशींची संख्या जवळपास नेहमीइतकीच, ही त्यांनी नोंदविलेली खूण आजही निदानास उपयोगी पडते.

रुग्णालयातील काळ

अशक्तपणा साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत कळस गाठतो. खरा धोका श्वसनाच्या स्नायूंना असतो. म्हणूनच रुग्णाला एका श्वासात आकडे मोजावयास सांगितले जाते. आकडे घटू लागले, तर तो सावधगिरीचा इशारा मानला जातो. चार-पाच रुग्णांमागे एकाला व्हेंटिलेटर लागतो. नाडी आणि रक्तदाब अचानक खाली-वर होत असल्याने अतिदक्षता विभागातील देखरेख महत्त्वाची ठरते.

इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने सहसा पाच दिवस शिरेतून दिली जातात किंवा रक्तातील प्लाझ्मा बदलला जातो. दोन्ही उपचार सारखेच परिणामकारक आहेत. पहिल्या दोन आठवड्यांत ते सुरू झाल्यास अधिक लाभ होतो. स्टिरॉइडचा उपयोग होत नाही.

पाच दिवस संपले तरी हात हलत नाही, हे पाहून नातलग खचतात आणि महागडी इंजेक्शने पुन्हा देण्याचा आग्रह धरतात. परंतु हे औषध हल्ला रोखते, झालेली इजा भरून काढीत नाही. अतिगंभीर रुग्णांना दुसरा डोस देऊन नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात फायदा दिसला नाही. उलट रक्ताच्या गुठळ्यांसारखे गंभीर दुष्परिणाम वाढले.

व्हेंटिलेटरवरील रुग्णाला बोलता येत नाही, पण बहुतेक वेळा त्याला सारे ऐकू येते आणि समजते. वेदनाही तीव्र असू शकतात. त्यामुळे त्याच्याशी बोलत राहावे. डोळ्यांच्या उघडझापेने 'हो' किंवा 'नाही' सांगण्याची खूण ठरवून घ्यावी.

पुनर्वसन

चेतातंतूंवरील आवरणालाच इजा झाली असेल, तर शक्ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परतते. मूळ तंतूच तुटला असल्यास तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वेगाने वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर लक्षात घेतल्यास पावलांना उशीर का लागतो, हे स्पष्ट होते.

सांधे आखडू नयेत, पाऊल लोंबू नये आणि पाठीला जखमा होऊ नयेत, यासाठी फिजिओथेरपी अतिदक्षता विभागातच सुरू करावी लागते. घरी आल्यावरही व्यायाम नियमित, पण थकवा येणार नाही इतपतच असावा. सहा महिन्यांनी सुमारे ८० टक्के रुग्ण आधाराशिवाय चालू लागतात. काहींना थकवा आणि पावलांतील बधिरता वर्षानुवर्षे जाणवते. उत्तम उपचार मिळूनही सुमारे पाच टक्के रुग्ण दगावतात.

जुलाब किंवा तापानंतर दोन्ही पायांतील शक्ती कमी होऊ लागली, गिळताना ठसका लागू लागला किंवा श्वास अपुरा पडू लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता व्हेंटिलेटरची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ जावे.