सोळा रुपयांचें मिनिट

३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसु यांनीं दिल्लीस संचार भवनांत बसलेले केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशीं मोबाईल यंत्रावरून संभाषण केलें. आपल्या देशांतील मोबाईल दूरध्वनीचा हा शुभारंभ. दोघे काय बोलले हें इतिहासाच्या दृष्टीनें फारसें महत्त्वाचें नाहीं. त्या काळीं एक मिनिट बोलावयास काय पडे, हें मात्र महत्त्वाचें आहे. गर्दीच्या वेळचा दर मिनिटास सोळा रुपयांच्या वर होता. शिवाय ही अर्धीच गोष्ट झाली. ज्याला फोन येई त्यालाही पैसे पडत. एकाच मिनिटाचें बिल दोन घरीं जाई, आणि ज्यानें बोलण्याची इच्छाही केली नव्हती त्यालाही तें भरावें लागे.

सोळा रुपयांवरून हा भाव कांहीं पैशांवर कसा उतरला, असें विचारलें तर बहुतेक सुशिक्षित माणसें 'यंत्रें स्वस्त झालीं' एवढें सांगून मोकळीं होतील. तें खोटें नाहीं; पण अपुरें आहे. यंत्राइतकीच, किंबहुना कांहीं बाबतींत त्याहून अधिक, हिशेबाची पद्धति बदलली. कोणी पैसे द्यावयाचे, कशाचे द्यावयाचे आणि कोणत्या मापानें द्यावयाचे, या तीन प्रश्नांचीं उत्तरें फिरलीं. गंमत अशी कीं, हेच प्रश्न दीडशें वर्षांपूर्वीं टपालाच्या बाबतींत एकदां सुटलेले होते.

१८४० पूर्वीं इंग्लंडांत पत्राचा आकार बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल करीत, आणि तोही अंतराच्या व कागदांच्या हिशेबानें. गरिबांस तो परवडत नसे. मग लोकांनीं युक्ति काढली. पाकिटाच्या बाहेर ठरलेली खूण करावयाची. घेणाऱ्यानें ती पाहून 'खुशाल आहे' एवढा बोध घ्यावा आणि पत्र न घेतां पोस्टमनास परत करावें. पैसा नाहीं, पण निरोप मात्र पोंचला! रोलंड हिल या गृहस्थानें १८३७ सालीं टपालसुधारणेवर एक पुस्तिका लिहिली. तींत त्यानें दाखवून दिलें कीं, लंडनहून एडिंबरोपर्यंत एक पत्र नेण्याचा प्रत्यक्ष वाहतूकखर्च पेनीच्या छत्तिसाव्या भागाइतकाच येतो. खरा खर्च आहे तो आकार मोजण्याचा, नोंदण्याचा आणि दारोदार वसूल करण्याचा. तेव्हां अंतर विसरा, पैसे आधींच घ्या आणि दर एक पेनी ठेवा. १८४० सालीं हें अमलांत आलें. आगाऊ आकार न भरलेल्या पत्रास दुप्पट पैसे पडत. १८३९ सालीं इंग्लंडांत सुमारें साडेसात कोटी पत्रें गेलीं होतीं. १८४० मध्यें तीं सतरा कोटींच्या घरांत पोंचलीं. आपल्याकडेही १८५४ च्या कायद्यानें अंतर न पाहतां अर्ध्या आण्यांत पत्र जाऊं लागलें, आणि १८७९ सालीं पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें.

आतां पुनः १९९५ कडे येऊं. मुंबईंत बीपीएल आणि मॅक्सटच या दोन कंपन्यांनीं ही सेवा सुरू केली. चारही महानगरांत दोन दोनच परवाने दिलेले होते. उरलेल्या देशाचे प्रांतवार विभाग पाडून परवान्यांसाठीं बोली लावण्यांत आल्या. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक विभाग झाला, पण मुंबई त्यांतून वेगळी ठेवली. दूरध्वनीच्या नकाशावर मुंबई महाराष्ट्रांत नव्हती, असें म्हटलें तरी चालेल. बोली लावणाऱ्यांनीं आंकडे असे कांहीं फुगविले कीं, ग्राहक मिळो वा न मिळो, दर वर्षीं ठरलेली मोठी रक्कम सरकारांत भरणें त्यांस भाग पडलें. जो दुकानदार भाड्यांतच बुडाला त्याचा माल स्वस्त कसा असणार? ग्राहक थोडे म्हणून दर चढे, आणि दर चढे म्हणून ग्राहक थोडे, असें तें चक्र होतें. १९९९ च्या मार्चपर्यंत सगळ्या देशांत मिळून ग्राहकांची संख्या बारा लाखांच्या आसपासच होती.

१९९९ सालीं नवें दूरसंचार धोरण आलें. त्यानें ठरीव परवानाशुल्क काढून टाकलें आणि त्याऐवजीं उत्पन्नाचा हिस्सा, आरंभीं शेंकडा पंधरा, सरकारनें घ्यावा असें ठरलें. खंडानें दिलेली जमीन बटाईनें द्यावी, तसा हा प्रकार. बुडण्याच्या बेतांत आलेल्या कंपन्यांस सरकारनें तारलें, अशी टीका त्या वेळीं झाली, आणि तींत तथ्य नव्हतें असें मी म्हणणार नाहीं. ज्यांनीं बोलीच्या वेळीं संयम राखला व म्हणून परवाना गमावला, त्यांच्यावर तो अन्यायच होता. परंतु परिणाम पाहिला तर या एका बदलानें कंपनीला प्रथमच अधिक ग्राहक जोडण्यांत लाभ दिसूं लागला. दोन वर्षांपूर्वीं, १९९७ सालीं, दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झालें होतें. दरांवर लक्ष ठेवणारा पंच म्हणून तें आतां कामास आलें. पुढें सरकारी कंपन्याही या बाजारांत उतरल्या: २००१ मध्यें मुंबई-दिल्लींत महानगर टेलिफोन निगम, आणि ऑक्टोबर २००२ मध्यें भारत संचार निगम.

तरीही येणाऱ्या फोनचे पैसे ग्राहकाच्या डोक्यावर होतेच. तो काळ ज्यांनीं पाहिला आहे त्यांना आठवेल कीं, खिशांतला फोन वाजला कीं माणूस आधीं पडद्यावरचा आंकडा वाची, आणि तो तोडून जवळच्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथकडे वळे. येथूनच 'मिस्ड कॉल' नांवाची संस्था उभी राहिली. एक घंटा म्हणजे 'पोंचलों', दोन घंटा म्हणजे 'खालीं ये', असे घराघरांचे संकेत ठरले. इंग्लंडांतील पाकिटावरच्या खुणेचाच हा नवा अवतार! संकेत कोणी शिकविला नाहीं. जेथें घेणाऱ्यास किंवा देणाऱ्यास परवडत नाहीं तेथें माणूस पैशाविना बोलण्याची वाट शोधतोच. पुढें तर या घंटेनें राजकारणांतही प्रवेश केला. २०११ सालीं अण्णा हजारे यांच्या आंदोलनास पाठिंबा नोंदविण्यासाठीं लक्षावधि लोकांनीं मिस्ड कॉल दिले.

महाग असूनही हें यंत्र कोणीं घेतलें, याचें एक उदाहरण फार बोलकें आहे. १९९७ ते २००१ या काळांत उत्तर केरळच्या किनाऱ्यावर, कासरगोड, कण्णूर आणि कोळिकोड या जिल्ह्यांत, मोबाईलचे मनोरे टप्प्याटप्प्यानें उभे राहिले. तेथील तारली पकडणाऱ्या कोळ्यांची अडचण अशी होती कीं, कोणत्या बंदरावर गिऱ्हाईक आहे हें समुद्रांत कळत नसे. एका बंदरांत मासळी घेणारा नाहीं म्हणून ती फेंकून द्यावी लागे, आणि पांच-दहा मैलांवरच्या दुसऱ्या बंदरांत त्याच दिवशीं मासळी मिळत नसे. मनोऱ्यांचा पल्ला समुद्रांत कांहीं मैलांपर्यंत पोंचतांच नावेवरून भाव विचारणें सुरू झालें. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञानें २००७ सालीं या किनाऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदराबंदरांतील भावाची तफावत जवळजवळ मिटली, मासळी वायां जाणें थांबलें, कोळ्यांचा नफा सुमारें आठ टक्क्यांनीं वाढला आणि तारली खाणाऱ्यास मासळी सुमारें चार टक्क्यांनीं स्वस्त मिळूं लागली. बोलण्याचा दर चढा असतांनाचे हे आंकडे आहेत, हें विसरतां कामा नये. एका फोनवर शेंकडों रुपयांची मासळी वांचत असेल तर कोळ्यास तो महाग नव्हता. महाग होता तो ज्याच्यापाशीं विकावयास मासळी नव्हती त्याला: गांवीं राहिलेल्या आईला, दुसऱ्याच्या घरीं कामाला जाणाऱ्या बाईला, गिरणीच्या दारांत उभ्या असलेल्या उमेदवाराला.

त्यांच्या दृष्टीनें खरी तारीख १ मे २००३ ही होय. त्या दिवसापासून फोन करणाऱ्यानेंच पैसे द्यावे, घेणाऱ्यास कांहीं पडूं नये, ही पद्धति लागू झाली. रोलंड हिलचें पहिलें सूत्र दीडशें वर्षांनंतर फोनला लागलें. अर्थात् घेणाऱ्याचा खर्च नाहींसा झाला नाहीं. तो एका कंपनीनें दुसरीस देण्याच्या शुल्कांत शिरला. २००४ पासून हें शुल्क मिनिटास तीस पैसे होतें. मग २००९ सालीं वीस, २०१५ सालीं चौदा, २०१७ सालीं सहा, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. दर उतरविण्याचा इतिहास जाहिरातींत नव्हे तर या रुक्ष आंकड्यांत वाचावा लागतो. ग्राहकाला ते कधीं दिसले नाहींत. पण त्याच्या दराखालची जमीन तीच होती.

याच सुमारास रिलायन्स इन्फोकॉमनें डिसेंबर २००२ मध्यें पोस्टकार्डापेक्षां स्वस्त बोलणें देण्याची घोषणा करून बाजारांत उडी घेतली. त्या वेळीं पोस्टकार्ड पन्नास पैशांस होतें, आणि कंपनीचा दर मिनिटास चाळीस पैसे. पुढच्या पावसाळ्यांत पांचशें एक रुपया भरून यंत्र घरीं नेण्याची तिची योजना निघाली. ऑक्टोबर २००४ मध्यें देशांतील मोबाईल तारेच्या फोनांहून संख्येनें अधिक झाले. तारेच्या फोनसाठीं वर्षानुवर्षें प्रतीक्षायादींत नांव ठेवून बसलेल्या पिढीला हें पाहून काय वाटलें असेल, याची कल्पनाच करावी!

यंत्राची किंमतही पडत होती. नोकियाचा ११०० हा फोन २००३ सालीं निघाला. त्यांत एक लहानशी विजेरी होती, आणि जेथें दिवे वारंवार जातात तेथें ती इतर कित्येक गुणांपेक्षां मोलाची ठरली. जगांत या एका नमुन्याचीं पंचवीस कोटींच्या वर यंत्रें विकलीं गेलीं. २००५ सालीं जगांतील मोबाईल कंपन्यांच्या संघानें एकत्र मागणी नोंदवून चाळीस डॉलरच्या आंतील यंत्र करण्याचें काम मोटोरोलास दिलें, आणि त्याच वर्षीं तो आंकडा तीस डॉलरच्या आंत आला.

हिलचें दुसरें सूत्र अंतर विसरण्याचें. तें १ मार्च २००६ रोजीं आलें. भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांनीं देशांत कोठेंही एका रुपयांत एक मिनिट, अशी योजना काढली. रात्रीं उशिरां दर कमी होण्याची वाट पाहत बूथबाहेर रांग लावण्याचा प्रकार त्यानंतर आपोआप संपला. २००९ सालीं टाटा डोकोमोनें मिनिटाऐवजीं सेकंदानें आकारणी सुरू केली, सेकंदास एक पैसा. याचा बोलबाला झाला तेवढा दर उतरला असें नाहीं; पण सहा सेकंदांच्या निरोपास साठ सेकंदांचें मोल देण्याची सक्ति गेली. दहा रुपयांचें लहान रिचार्ज विकणारा पानवालाही याच जातीचा सुधारक. रोजंदारीवर जगणाऱ्यास महिन्याचें बिल नको असतें. त्याला आजच्या मिळकतींतून आजचें बोलणें हवें असतें.

५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओ आली आणि बोलण्याचा स्वतंत्र दरच राहिला नाहीं. पैसे द्यावयाचे ते इंटरनेटचे. त्या भाव-युद्धांत अनेक कंपन्या नष्ट झाल्या, कांहीं एकमेकींत विलीन झाल्या. पूर्वीं एकेका विभागांत दहा-बारा कंपन्या होत्या, तेथें तीन खाजगी आणि एक सरकारी एवढ्या उरल्या. आणि येथें या कथेस एक वळण लागतें. २००५ च्या अखेरीस काढलेल्या योजनांत नऊशें नव्याण्णव रुपये एकदां भरले म्हणजे येणारे फोन आजन्म मिळतील, असें सांगितलें जाई. हें आजन्म तेरा वर्षें टिकलें. २०१८ च्या शेवटीं दोन मोठ्या कंपन्यांनीं दर अठ्ठावीस दिवसांस किमान पस्तीस रुपये भरण्याची अट घातली. न भरल्यास आधीं जाणारे आणि मग येणारेही फोन बंद. पुढें २०१९, २०२१ आणि २०२४ सालीं दर वाढत गेले, आणि कित्येक योजनांत इंटरनेट अनिवार्य झालें. ज्या वृद्ध बाईस फक्त मुलाचा फोन घ्यावयाचा, तिला न वापरलेल्या इंटरनेटचे पैसे भरावे लागूं लागले. मिनिटाचा दर शून्य झाला. दाराशीं बसण्याचें भाडें मात्र सुरू झालें. घेणाऱ्यानें पैसे द्यावयाचे, ही २००३ सालीं गेलेली प्रथा दुसऱ्या वाटेनें परत आली, असें मला वाटतें. दर मिनिटास नव्हे, दर महिन्यास.

नियामक प्राधिकरणानें २३ डिसेंबर २०२४ रोजीं नियम दुरुस्त करून, केवळ बोलणें व लघुसंदेश यांची वेगळी योजना देणें कंपन्यांस बंधनकारक केलें. जानेवारी २०२५ मध्यें अशा योजना निघाल्या. त्या चौऱ्यांशीं दिवसांच्या आणि वर्षाच्या होत्या. चौऱ्यांशीं दिवसांस सुमारें साडेचारशें रुपये, तेही एकरकमी. दिवसाचा हिशेब केला तर साडेपांच रुपयांच्या आसपास येतो, आणि तो फार नाहीं. परंतु पानवाल्याकडचें दहा रुपयांचें रिचार्ज ज्या बाईला परवडे, तिच्या कनवटीला साडेचारशें रुपये एका वेळीं कधीं असतात, हें त्या योजनेंत कोठें लिहिलेलें नाहीं.