बांदेकर, आदेश
(१८ जानेवारी १९६६– ). मराठी दूरचित्रवाणीवरील खेळ-कार्यक्रमांचे सूत्रसंचालक व अभिनेते. दूरदर्शनवरील ‘ताक धिना धिन’ या संगीतविषयक कार्यक्रमामुळे त्यांना प्रथम लोकप्रियता लाभली. २००४ मध्ये अल्फा मराठी (नंतरची झी मराठी) वाहिनीवर सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ने खेळ गृहिणीच्या घरात नेला. तेथे ते ‘भावोजी’ म्हणून वावरत. विजयी ‘वहिनी’स पैठणी मिळे. एरवी मूक राहणारी गृहिणी येथे स्वतःविषयी बोलू लागली, हे या कार्यक्रमाचे खरे यश. मात्र तिचा गौरव संसाराच्या चौकटीतच राहिला. या जिव्हाळ्याचे मतांत रूपांतर झाले नाही : २००९ मध्ये शिवसेनेतर्फे माहीम विधानसभा मतदारसंघातून लढताना महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या नितीन सरदेसाई यांच्याकडून ते पराभूत झाले. २०१७ मध्ये श्रीसिद्धिविनायक मंदिर न्यासाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २०२२ च्या ‘महामिनिस्टर’ पर्वातील पैठणी ११ लाख रुपयांची होती.