खानावळवालीचं भांडवल

सातारा-सांगलीकडचा गडी मुंबईच्या गिरणीत लागला की गाळ्यात पथारीपुरती जागा मिळे. जेवणासाठी मात्र खानावळवाली गाठावी लागे. ती महिनाभर उधारीवर जेवू घाली, पैसे पगारानंतर. तोवर वाणी आणि सावकार तिच्याच दारात. गिरणगावाचं पोट चालवणारं भांडवल या बाईनं उभं केलं, पण कामगारांच्या इतिहासात तिला ओळही मिळाली नाही, याचं वाईट वाटतं. गोवा मुक्तिलढ्यातून कामगार चळवळीत आलेल्या प्रेमा पुरव यांनी नेमकं हे भांडवल ओळखलं. १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांनी या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढं मंडळानं स्वतःची स्वयंपाकघरंही चालवली.

कुणी म्हणेल, हा घरचाच स्वयंपाक, पानं तेवढी जास्त. पण उधारी पेलणं, वसुली करणं, भाव चढला तरी ताट न घटवणं, हे पेढीचं काम आहे. साताऱ्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी महिला सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हाही बायकांना पेढीचं काम जमेल का, ही शंका आली. अर्जदार बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला. त्या बायका पुन्हा गेल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो म्हणाल्या; १९९७ साली बँक उभी राहिली.