वस्तुमानाचा उगम : १९६४ मधील दोन उत्तरे

अलिबागच्या किनाऱ्याला भरतीत तरंगणाऱ्या होडीचे वजन पाणी पेलते, तरी तिला ढकलायला जोर लागतोच. गतीतील बदलाला होणारा हा विरोध म्हणजे जडत्व. वस्तुमान हे त्याचे माप. गुरुत्वाकर्षण ज्या वस्तुमानावर काम करते, तेही नेमके तेवढेच भरते. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांत याच समानतेवर उभारला. पण मुळात कणाला वस्तुमान कोठून मिळते, हे त्यातून कळत नाही.

जडत्वाचे मूळ दूरच्या ताऱ्यांत असावे, असा विचार अर्न्स्ट माख याने एकोणिसाव्या शतकात मांडला होता. त्याला गणिती रूप देण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न एका मराठी शास्त्रज्ञाच्या नावावर आहे. जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ मध्ये कोल्हापुरात झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत आणि सापेक्षतेवर संशोधन करत. त्यामुळे हा विषय घरातलाच होता. पंचविशीतल्या नारळीकरांनी १९६४ मध्ये केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्यासह जो सिद्धांत मांडला, त्यात प्रत्येक कणाचे वस्तुमान ही विश्वातील इतर सर्व कणांच्या प्रभावाची बेरीज आहे. रिकाम्या विश्वातल्या एकट्या कणाला वस्तुमानच नाही. कण पुष्कळ असले की याच मांडणीतून आइन्स्टाइनची समीकरणे निघतात आणि गुरुत्वाकर्षण नेहमी ओढतेच का, याचेही कारण मिळते. हे यश खरोखर मोठे होते.

१९६५ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी त्यातली अडचण दाखवली : प्रसरणशील विश्वात ही बेरीज अनंत होते. नारळीकरांनी हा विचार सोडला नाही. काळानुसार वस्तुमान वाढते असे मानले, तर दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशाची ताम्रसृती, म्हणजे त्याचे लाल रंगाकडे सरकणे, विश्वाच्या प्रसरणाशिवायही समजावता येते, असे त्यांनी पुढे दाखवले.

१९६४ मध्येच पीटर हिग्ज यांनी, तसेच ब्राऊट व आंग्लेर यांनी, वेगळी वाट धरली. अवकाशभर पसरलेल्या क्षेत्राशी असलेल्या संबंधातून मूलकणांना वस्तुमान मिळते, हे त्यांचे उत्तर ४ जुलै २०१२ रोजी सर्न या प्रयोगशाळेत हिग्ज कण सापडल्याची घोषणा झाल्यावर पक्के झाले. त्या शोधातील सीएमएस प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही वाटा होता. मात्र प्रोटॉनच्या वस्तुमानात त्यातील क्वार्क या मूलकणांच्या स्वतःच्या वस्तुमानाचा वाटा सुमारे एक टक्काच. बाकी सारे तीव्र बलाची ऊर्जा. आणि कणभौतिकीच्या प्रमाण प्रारूपात गुरुत्वाकर्षणाला अजूनही जागा नाही. इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांच्यातील विद्युत बलापुढे ते सुमारे १०³⁹ पट दुबळे असल्याने कणांच्या टकरींत त्याचा मागमूस लागत नाही.