धातूचे धड आणि तंतूंचे पंख : हॅरिअर विमानाच्या रूपांतराचा इतिहास

विमानाच्या सांगाड्यातील धातू काढून त्या जागी संमिश्र पदार्थ योजणे ही केवळ द्रव्यांची अदलाबदल होय, असे प्रथमदर्शनी वाटते. लढाऊ विमानांचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

१९४० साली अल्युमिनियमच्या टंचाईच्या भीतीने ब्रिटनमध्ये नॉर्मन द ब्रॉइन यांच्या डक्सफर्ड येथील संस्थेने जवसाचे तंतू व फिनॉलिक राळ यांपासून स्पिटफायरचे एक धड घडविले. टंचाई टळली आणि प्रयोग तेथेच थांबला. पुढे १९६०च्या दशकात फार्नबरो येथे बळकट कार्बनतंतू सिद्ध झाले. १९७० साली उडालेल्या अमेरिकन एफ-१४ विमानाच्या आडव्या शेपटीवर बोरॉनतंतूंचे आवरण होते. परंतु शेपटी वेगळी आणि सर्व भार वाहणारा पंख वेगळा.

ही मर्यादा हॅरिअरने ओलांडली. मॅकडॉनेल डग्लस कंपनीने दोन एव्ही-८ए विमानांची जुनी धडे ठेवून त्यांवर कार्बनतंतू व इपॉक्सी यांचा नवा, मोठा पंख बसविला. त्यांपैकी पहिले ९ नोव्हेंबर १९७८ रोजी उडाले.

येथे खऱ्या अडचणी दिसू लागतात. धातूचे बळ सर्व दिशांना जवळजवळ सारखे असते. तंतूंचे बळ मुख्यतः तंतूंच्या दिशेने असते. बोल्टच्या छिद्राभोवती अल्युमिनियम किंचित नमते आणि भार शेजारच्या बोल्टांवर वाटला जातो. संमिश्र पदार्थ तसा नमत नाही. कार्बन व अल्युमिनियम यांचा खाऱ्या दमट हवेत संपर्क आल्यास अल्युमिनियम झिजते. जहाजांवरून उडणाऱ्या विमानाच्या बाबतीत हा धोका गौण नव्हे. म्हणून अशा जोडांत टायटॅनियमचे बोल्ट योजतात आणि दोहोंमध्ये विद्युत्‌रोधक थर ठेवतात. उष्णता व आर्द्रता यांनी राळ दुर्बळ होते. हॅरिअरच्या धडाच्या बाजूंनी तर एंजिनाचे तप्त झोत बाहेर पडतात. शिवाय हातातून निसटलेल्या हत्याराचा आघात धातूवर खळगा उमटवितो. संमिश्र पदार्थाचे थर मात्र आतल्या आत सुटतात आणि पृष्ठभाग निर्दोष दिसत राहतो. वैमानिकाच्या जिवाच्या दृष्टीने हाच दोष सर्वांत भयंकर होय.

धातूचा जुना आराखडा तसाच ठेवून केवळ द्रव्य बदलण्याच्या प्रवृत्तीस अभियंत्यांनी ‘काळे अल्युमिनियम’ असे उपरोधिक नाव दिले. या दोन शब्दांत एका पिढीचा अनुभव साठविलेला आहे.

उत्पादनासाठी सिद्ध झालेल्या एव्ही-८बी विमानात जुने धडही टिकले नाही. त्याचा पुढील भाग संमिश्र पदार्थांचा झाला, तप्त झोतांजवळील भाग धातूचाच राहिला. सांगाड्याच्या वजनात संमिश्र पदार्थांचा वाटा सुमारे २६ टक्के होता आणि सुमारे २१७ किलो वजन वाचले. जुन्या विमानांवर बसविता येईल असा धातूचा मोठा पंख ब्रिटनने योजिला होता. तो १९८१ साली बाजूस ठेवून त्याने अमेरिकन आराखडाच स्वीकारला.

तात्पर्य, येथे द्रव्याने आकाराची, जोडांची आणि तपासणीचीही फेरमांडणी करविली. जुन्या सांगाड्याला नवे द्रव्य जोडण्याचा मार्ग अखेरीस नव्या सांगाड्याकडेच गेला.