माकडताप : मेलेल्या माकडांनी दिलेला इशारा

मार्च १९५७. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली. त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांत माणसांनाही तीव्र ताप येऊ लागला. पहिली शंका आली ती पीतज्वराची, कारण त्या आजारातही माकडे मरतात. भारतात तो कधीच आलेला नव्हता, पण तो पसरवणारे डास मात्र इथे भरपूर होते. त्यामुळे काळजी मोठी होती.

पुण्यात १९५२ साली सुरू झालेल्या विषाणू संशोधन केंद्रातील (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) शास्त्रज्ञ जंगलात पोहोचले. मेलेली माकडे आणि रुग्णांचे रक्त तपासल्यावर एक नवाच विषाणू सापडला. तो डासांमुळे नव्हे, तर गोचिडीच्या चाव्याने पसरत होता. आजाराला त्या जंगलाचेच नाव मिळाले : क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. आपण त्याला माकडताप म्हणतो.

नाव असे असले तरी दोष माकडांचा नाही. ती आपल्यासारखीच या आजाराला बळी पडतात. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी गळून आसपास पसरतात आणि तो परिसर धोक्याचा होतो. रुग्णाकडून दुसऱ्या माणसाला मात्र हा आजार होत नाही.

अनेक वर्षे हा आजार कर्नाटकापुरता मानला जाई. पण २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. काजूचा हंगाम आणि या तापाचा हंगाम साधारण एकच असल्याने बागेत काम करणाऱ्यांना धोका अधिक.

अचानक थंडी-ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या ही लक्षणे. काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. काहींचा ताप उतरून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा येतो आणि तेव्हा मेंदूवर परिणाम होऊ शकतो. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात.

विषाणू मारणारे खास औषध अजून नाही. कर्नाटकात अनेक वर्षे दिली जाणारी लस पुरेशी परिणामकारक न ठरल्याने बंद झाली. नव्या लसीवर काम चालू आहे. तरीही सलाइन, रक्तस्रावावर लक्ष आणि वेळेवर रुग्णालयात दाखल होणे यांमुळे बहुतेक रुग्ण बरे होतात. पहिल्या आठवड्यातच पीसीआर चाचणीने निदान होऊ शकते.

म्हणून जंगलात जाताना अंगभर कपडे घाला आणि आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीड-प्रतिबंधक तेल लावा. घरी आल्यावर अंग तपासा, गरम पाण्याने आंघोळ करा. ताप आल्यास ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो. 'मी जंगलात गेलो होतो' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मेलेले माकड दिसले तर हात लावू नका, लगेच आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. १९५७ मध्ये या आजाराचा छडा लागला तो अशाच इशाऱ्याकडे लक्ष गेल्यामुळे.