सांधा पोलादाचा, आयुष्य रबराचे

कडेगाव परिसरातल्या मुलांना रोटाव्हेटर नवा नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओपासून अवजारापर्यंत एक आडवा शाफ्ट जातो आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक ‘क्रॉस’ असतो. अवजार थोडे वर-खाली झाले तर शाफ्ट तिरका होतो, पण फिरायचा थांबत नाही. फार उचलले तर मात्र खडखडाट सुरू होतो, म्हणून जाणता चालक आधी पीटीओ बंद करतो. तिरका शाफ्ट फिरतो कसा आणि खडखडतो का? हे कोडे पहिल्यांदा समजल्यापासून ते गाडीच्या पुढच्या चाकापुरते नीट सुटेपर्यंत सुमारे अडीचशे वर्षे गेली. त्यानंतरही एक प्रश्न उरलाच, तो धुळीचा. त्याचे उत्तर निघाले ते रबराच्या एका साध्या बुटात.

हूकने पाहिलेली गोम

या क्रॉसच्या सांध्याला युरोपात सोळाव्या शतकातल्या इटालियन गणिती कार्डानोचे नाव चिकटले आहे. पण त्याची चाल बारकाईने तपासली ती रॉबर्ट हूकने. ‘सेल’ हा शब्द जीवशास्त्राला देणारा आणि स्प्रिंगच्या ताणाचा नियम सांगणारा हाच तो हूक. १६७६ साली छापलेल्या एका पुस्तिकेत त्याने दुर्बिणीसारख्या उपकरणांसाठी हा सांधा वर्णन केला. सांधा वाकवला की एक दांडा सारख्या वेगाने फिरत असला तरी दुसरा कधी पुढे धावतो, कधी मागे रेंगाळतो, हे त्याच्या ध्यानात आले. सूर्यघड्याळाची सावलीही तबकडीवर सारख्या गतीने सरकत नाही. म्हणून सांध्याची ही असमान चाल सूर्यघड्याळाच्या कामी येईल, असे त्याने सुचवले. उपकरणात जो गुण ठरला, तोच पुढे मोटारगाडीत दोष ठरला.

हा दोष किती मोठा आहे, हे दहावीच्या त्रिकोणमितीने काढता येते. सांधा जितका वाकला असेल त्या कोनाचा कोसाइन घ्यावा. दुसऱ्या दांड्याचा कमीत कमी वेग म्हणजे पहिल्याचा वेग गुणिले हा कोसाइन आणि जास्तीत जास्त वेग म्हणजे भागिले हा कोसाइन. कोन १० अंश असेल तर फरक दीड टक्का, तो कळतही नाही. कोन ३० अंश असेल तर पहिला दांडा मिनिटाला ६०० फेरे घेत असताना दुसऱ्याचा वेग ५२० ते ६९३ यांच्यात हेलकावतो, तोही प्रत्येक फेऱ्यात दोनदा. यावर उपाय म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस लावतात. दोन्ही कोन सारखे असले आणि क्रॉस योग्य रीतीने जुळवले असले, तर पहिल्याची चूक दुसरा भरून काढतो. अवजार फार उचलले की कोन वाढतात, त्यांचा मेळ बिघडतो आणि खडखडाट ऐकू येतो.

पुढच्या चाकाची अडचण

चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत पुढचे चाक फिरतेही आणि वळतेही. वळणावर सांध्याचा कोन ३० अंशांपर्यंत जातो. तिथे एकटा क्रॉस असला की स्टिअरिंगला हिसके बसतात. म्हणून एकाच सांध्यात समान वेग साधणे भाग होते.

१९२६ च्या सुमारास दोन उत्तरे पुढे आली. फ्रान्समध्ये पिएर फेनाय आणि जाँ-आल्बेर ग्रेग्वार यांनी ‘ट्रॅक्टा’ सांधा आणला. अमेरिकेत आल्फ्रेड रझेप्पा या अभियंत्याने पोलादी गोळ्यांचा सांधा तयार केला. रझेप्पाच्या सांध्यात आतला आणि बाहेरचा असे दोन गोलाकार भाग असतात. दोहोंत खाचा असतात आणि खाचांत सहा गोळ्या. सांधा कितीही वाकला तरी हे सहाही गोळे दोन दांड्यांमधला कोन बरोबर दुभागणाऱ्या प्रतलातच राहतात. या प्रतलाच्या जागी आरसा ठेवला असे मानू. एका बाजूचा दांडा दुसऱ्याचे प्रतिबिंबच ठरेल. दोन्ही बाजू सारख्या असतील तर एकाने पुढे धावायला कारणच उरत नाही. वर्गात सममिती शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हांला आढळलेले नाही.

दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून अधिक जीप बनल्या. त्यांच्या पुढच्या चाकांत कधी रझेप्पाचा, कधी ट्रॅक्टाचा, तर कधी साधा क्रॉसचा सांधा असे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांनी जीप जुळवायला घेतली आणि ही गाडी आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत पोचली.

धूळ बाहेर, ग्रीस आत

जीपमध्ये हा सांधा पोलादी गोलाकार घरात बंद असे आणि घराच्या तोंडाशी नमद्याची पट्टी असे. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीची रचनाही याच वळणाची होती. पण चाके स्वतंत्रपणे वर-खाली होऊ लागली की शाफ्ट उघडा पडतो. त्याला असे आवरण हवे, जे फिरेल, वाकेल आणि तरीही गळणार नाही. भात्यासारख्या घड्यांचा रबरी बूट हेच ते आवरण. १९५९ च्या ब्रिटिश मिनी मोटारीपासून रझेप्पाचा सांधा आणि रबरी बूट ही जोडी छोट्या गाड्यांत रुळली. आपल्याकडे १९८३ च्या मारुती ८०० ने ती गावोगावच्या गॅरेजात नेली. २०१० सालच्या महिंद्रा थारमध्ये ती चारचाकी जोराच्या गाडीतही दिसली.

बुटाचे काम सोपे नाही. सांधा वाकलेला असताना प्रत्येक घडी दर फेऱ्याला एकदा ताणली जाते आणि एकदा दाबली जाते. चाकाचा परीघ २.३ मीटर धरला तर किलोमीटरला सुमारे ४३५ फेरे होतात, म्हणजे ५०,००० किलोमीटरांत दोन कोटींहून अधिक. ऊन, ओझोन आणि खडे रबराला आणखी कमकुवत करतात. घडीच्या तळाशी चीर पडली की फिरण्याच्या जोराने ग्रीस बाहेर फेकले जाते आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळे कडे उमटते. उसाच्या शेतातला चिखल किंवा फुफाटा त्याच चिरेतून आत शिरतो. ग्रीस आणि वाळू मिळून घासायचे लुकण तयार होते. काही दिवसांनी गाडी पूर्ण वळवताना ‘टक-टक’ आवाज येऊ लागतो. तोपर्यंत सांध्याच्या खाचा झिजलेल्या असतात.

घरी बूट बदलताना

काळे कडे दिसले पण आवाज नाही, ही बूट बदलायची खरी वेळ. आवाज सुरू झाल्यावर नवा बूट घालून झिजलेला सांधा सुधारत नाही. काम घरच्या अंगणात होते, पण गाडी नुसत्या जॅकवर सोडून तिच्याखाली जाऊ नये. पक्के स्टँड हवेत आणि जमीनही कठीण हवी. हब नट सोडवून शाफ्ट बाहेर काढावा. जुन्या क्लिपा कापून, सर्क्लिप सोडवून सांधा वेगळा करावा. जुने ग्रीस रॉकेलने किंवा डिझेलने पूर्ण धुऊन सांधा कोरडा करावा आणि खाचांवरून बोट फिरवावे. खड्डा लागला तर सांधाच बदलावा लागेल. खाचा गुळगुळीत असतील तर क्लिप आणि नवा बूट आधी शाफ्टवर चढवावा आणि मग सांधा बसवावा. घाईत हा क्रम चुकतो आणि सगळे पुन्हा उघडावे लागते. ग्रीस बुटासोबत मिळते तेच आणि तेवढेच भरावे. ते बहुधा मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले असते. बुटातली कोंडलेली हवा काढून मगच क्लिप आवळावी. हब नट मात्र मापाच्या पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळावा.

सांध्याच्या मानाने बूट फारच स्वस्त असतो. तरी आपल्या भागात तो फाटल्याचे कळते ते सांधा गेल्यावरच, कारण कुणी वाकून पाहत नाही. आमची शिक्षकांना सूचना आहे की जवळच्या गॅरेजातून एक बाद झालेला सांधा आणि फाटका बूट मागून आणावा, सांधा धुऊन मुलांच्या हाती द्यावा आणि गोळ्या कोणत्या प्रतलात राहतात ते त्यांनाच शोधू द्यावे. यातली काही मुले उद्या आयटीआयमध्ये जातील, काही स्वतःची गाडी चालवतील. सममिती, घर्षण आणि रबर हे तीन धडे एका वस्तूत दिसले, तर चाकाच्या आतले काळे कडे ती वेळेवर ओळखतील.